सही आमची, कुऱ्हाड आमची. मग कंत्राट कोणाचे?

स्वतंत्र धंद्यावाचून स्वाभिमान टिकत नाही, हे वाक्य आपण सभांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आपणांस आता वाटेनाशी झाली आहे. धंदा म्हणजे नेमके काय? फलकावर आपले नाव असले म्हणजे धंदा आपला होतो काय? कंत्राटाच्या कागदावर आपली सही असली म्हणजे आपण कंत्राटदार झालो काय? भंडारा जिल्ह्यातील आपली कितीतरी तरुण मुले गेल्या काही वर्षांत झाडतोडीच्या आणि जागा साफ करून देण्याच्या लहान कंत्राटांकडे वळली आहेत. ही गोष्ट आनंदाचीच होय. परंतु वकिलीच्या निमित्ताने या धंद्याची जी आतली बाजू माझ्यासमोर आली, ती आपल्या कुटुंबांपुढे मांडणे मला कर्तव्य वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एके संध्याकाळी कोर्टाचे काम आटोपून घरी आलो, तो ओट्यावर एक तरुण आणि त्याची वृद्ध आई बसलेली. तरुणाच्या हाती नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस होती. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कडेची झाडे तोडून जागा मोकळी करून देण्याचे सुमारे सहा लाख रुपयांचे काम त्याच्या नावावर होते. एक मोठी फांदी उलटली, दोरावरचा मजूर खाली आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत त्याचा प्राण गेला. मृत मजूर तिशीतला, आपल्याच वस्तीतला. त्याच्या पत्नीने दावा लावला होता.

“वकीलसाहेब, मी फक्त सही दिली होती,” तो तरुण म्हणाला.

आई म्हणाली, “साहेब, ह्यानं त् कुऱ्हाडीले हातबी नाही लावला जी.”

हळूहळू सर्व उलगडले. काम दुसऱ्याच एका जुन्या, पैसेवाल्या कंत्राटदाराचे होते. मजूर त्याने लावले, यंत्रे त्याची, बिलाचा पैसाही शेवटी त्याच्याच घरी जाणार. या मुलाकडे अनुसूचित जातीचा दाखला होता, लघुउद्योगाची नोंदणी होती आणि डिजिटल स्वाक्षरी होती. तेवढ्याचे भाडे म्हणून कामाच्या रकमेच्या दोन टक्के, म्हणजे बारा हजार रुपये, त्याला मिळायचे ठरले होते. त्यांतील पाच हजार मिळाले होते. अपघातानंतर तो पैसेवाला गृहस्थ फोन उचलीनासा झाला.

मुलाची इच्छा अशी की, “हा माझा मजूरच नव्हता” असा जबाब मी न्यायालयात द्यावा. अशा दाव्यांत तो जबाब नेहमीचाच असतो. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, मग सिद्ध कसे करणार? मी त्याला स्पष्ट सांगितले, हा जबाब माझ्या लेखणीतून उतरणार नाही. तो रागावून उठला. पण त्याची आई बसून राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “तिची अन् माझी रोज पाण्यावर गाठ पडते जी. तिले काय सांगू?” या एका प्रश्नापुढे माझे सारे कायद्याचे ज्ञान फिके पडले. जबाब खरा दिला गेला. मूळ काम ज्याचे, त्या मुख्य मालकाने रक्कम भरली आणि कायद्याने त्याला जो हक्क दिला आहे त्यानुसार ती या मुलाकडून वसूल करावयास घेतली. त्या घरची दीड एकर धानाची जमीन आजही गहाण आहे.

या रकमेचा हिशोब वाचकांनी स्वतः करून पाहावा. मजूर कामावर मरण पावला, तर त्याच्या मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस त्याच्या वयाच्या गुणकाने गुणावयाचे, असे सूत्र १९२३ च्या भरपाई कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण सूत्र तेच राहिले आहे. मजुराचे वय ३० वर्षे आणि वेतन दरमहा १२,००० रुपये धरा. निम्मे ६,०००; ३० वर्षांचा गुणक २०७.९८, भरपाई १२,४७,८८० रुपये. बारा हजारांच्या भाड्यासाठी साडेबारा लाखांचे दायित्व! जगात याहून महाग सही कोणी विकली असेल असे मला वाटत नाही.

सही म्हणजे काय?

कायद्याच्या दृष्टीने करारावर सही करणारा तोच कंत्राटदार. पडद्यामागे कोण उभा आहे, नफा कोणी नेला, हे प्रश्न पुराव्याचे. आणि पुरावा देण्याचा भार सही करणाऱ्यावरच पडतो. मजुराशी “अपघात झाल्यास मी काही मागणार नाही” असा कागद करून घेतला तरी तो निरुपयोगी आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानीत नाही. म्हणून ‘फक्त सही दिली’ हे वाक्य आपल्या घरांतून कायमचे हद्दपार झाले पाहिजे. ‘फक्त’ सही अशी वस्तू जगात नाही.

आणि यात केवळ एका घराचे नुकसान नाही. केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असून, ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावयाची आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॉईल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. अशा आवारांत झुडपे काढणे, धोकादायक झाडे उतरविणे, कुंपणाकडेची पट्टी साफ ठेवणे ही कामे कधी संपत नाहीत. निविदेचे कागद विनामूल्य मिळणे, बयाणा रकमेतून सूट मिळणे, या सवलती त्या धोरणात आहेत. मात्र बांधकाम-स्वरूपाच्या कंत्राटांस त्या लागू होत नाहीत. म्हणून निविदा ‘सेवा’ या सदरात निघाली आहे की ‘काम’ या सदरात, हे प्रथम वाचावे.

मालकी कोणाची धरावयाची हेही त्या धोरणात सांगितले आहे. एकट्याचा धंदा असेल तर मालक अनुसूचित जातीचा हवा. भागीदारी असेल तर निदान ५१ टक्के हिस्सा त्यांचा हवा. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या. १९५६ सालच्या धर्मांतरापासून त्या दुरुस्तीपर्यंत ३४ वर्षे आपल्या माणसांनी निवेदने दिली, मोर्चे काढले, तुरुंग पाहिले. तो दाखला आज बारा हजारांत भाड्याने जातो! ज्यांनी तो मिळविला त्यांना आपण काय उत्तर देणार? आणि उद्या शासनाने म्हटले की यांच्या नावाचा लाभ दुसरेच घेतात, तेव्हा सवलत बंद करा, तर आपण कोणत्या तोंडाने भांडणार?

येथे कोणी म्हणेल, “साहेब, भांडवल कोठून आणावे? पैसेवाल्याशी हातमिळवणी केल्याशिवाय आम्हांला कोण उभे करतो?” हा आक्षेप खोटा नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास, परदेशी पदव्या घेऊन परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईस शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. जेथे त्यांच्या विद्वत्तेला बाजार मिळाला नाही, तेथे आपल्या गरीब मुलाला सहज मिळेल असे मी कसे म्हणू? पण पैसेवाल्याकडून उसने भांडवल घेणे निराळे आणि त्याला आपले नाव विकणे निराळे. पहिल्यात तुम्ही ऋणको असता, तरी धंद्याचे मालक असता. दुसऱ्यात तुम्ही काहीच नसता, आणि अपघात झाला की सर्व काही तुम्हीच असता.

भांडवलाला दुसरी वाट आहे. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. चार-पाच जणांनी मिळून भागीदारी करण्याची वाट आहे. मजूर सहकारी संस्था आहेत. राज्यातील लहान सरकारी कामांच्या वाटपात मजूर संस्था ३३ टक्के, बेरोजगार अभियंते ३३ टक्के आणि खुले कंत्राटदार ३४ टक्के असे सूत्र चालत आले आहे. १९४७ पासून त्या वेळच्या मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, त्या याच विचाराने की जंगलात घाम गाळणाऱ्यानेच कंत्राट घ्यावे, मधल्या ठेकेदाराने नव्हे. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. पण विचाराला प्रांताची सीमा नसते. मात्र ज्या मजूर संस्थेत एकही सभासद मजूर नाही, ती संस्था म्हणजे शिक्का मारलेली नावविक्रीच होय, हे विसरू नये.

झाड कोणाचे?

दुसरी चूक मी वारंवार पाहिली ती अशी की, आपली मुले झाडाचा भाव आधी ठरवितात आणि कायदा नंतर विचारतात. शेतकरी म्हणतो, “बांध माझा, झाड माझे, तोडून घेऊन जा.” मुलगा विसार देतो, कटर मशीन आणतो, ट्रॅक्टर भरतो, आणि वाटेत नाक्यावर गाडी अडते. अशा प्रसंगी त्याचा समज असतो की आपल्यावर अन्याय झाला. बहुधा तसे नसते.

झाड खासगी जमिनीत असले तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे अनुसूचीतील जातींचे झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. त्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी आहेत. आपल्या भागातील बांधावर उभे असलेले कोणते किमती झाड या यादीतून सुटते ते वाचकांनीच पाहावे. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा निराळा कायदा आणि निराळे वृक्ष प्राधिकरण. २०२१ च्या दुरुस्तीपासून तेथे ५० वर्षांवरील झाड ‘वारसा वृक्ष’ गणले जाते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन येते. ज्याने निविदेत झाडांची केवळ संख्या पाहिली आणि वय पाहिले नाही, त्याचा नफा रोपांच्या खड्ड्यांत जातो.

लाकूड हलविताना वाहतूक परवाना लागतो. काही जातींना त्यातून सूट आहे. ती यादी वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः वाचून घ्यावी, मुकादमाच्या तोंडून ऐकू नये. वनाबाहेर वाढलेला बांबू २०१७ पासून भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. पण लाकडाच्या बाबतीत त्याच १९२७ च्या अधिनियमाचे कलम ६९ प्रत्येक तरुणाने पाठ करावे. वनोपजाच्या मालकीविषयी वाद उत्पन्न झाला तर ते शासनाचे आहे असे गृहीत धरले जाते. नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावयाचे. इतर ठिकाणी आरोप करणारा पुरावा देतो. येथे तुमच्या गाडीतील ओंडक्याचा पुरावा तुम्हीच द्यावयाचा आहे. कागद नसेल तर ओंडका जातोच, ट्रॅक्टरही जप्त होऊ शकतो; आणि ट्रॅक्टर बहुधा बँकेच्या कर्जाचा असतो.

आदिवासी शेतकऱ्याच्या झाडांविषयी विशेष सावध राहावे. साकोली, लाखनी, तुमसर या तालुक्यांत गोंड बांधवांची शेते आहेत. त्यांची झाडे ठेकेदारांनी मातीमोल भावाने नेली, म्हणूनच १९६९ साली अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडविक्रीचे नियमन करणारा कायदा करावा लागला. अशा झाडांचा सौदा परस्पर करता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यामार्फतच जावे लागते. आपल्यातील एखादा “दोन हजारांत चार मोह घेतले” अशी बढाई मारतो, तेव्हा मला त्याची लाज वाटते. आपल्या आजोबांना ज्या मापाने लुबाडले, तेच माप हाती घेऊन आपण गोंडाच्या दारी जावयाचे काय?

निविदेतील आणखी एक कलम आधी वाचावे, ते म्हणजे पडलेल्या लाकडाची मालकी. काही कामांत लाकूड खात्याचे असते. मोजून, चट्टे लावून आगारात पोचवावे लागते. काही कामांत ते कंत्राटदाराचे असते आणि त्याची किंमत बिलातून वजा होते. इमारती लाकूड घनमीटरने आणि जळाऊ लाकूड बिटाने मोजले जाते. जो हे न वाचता, “लाकडावर निघून जाईल” या आशेने अंदाजपत्रकाच्या वीस-तीस टक्के खाली दर भरतो, त्याच्या हाती शेवटी खुंट उरतात. खुंटांचा हिशोब तर कोणी करीतच नाही! बुंधा पाडणे एका तासाचे काम. मुळासकट खुंट काढून, खड्डा भरून, जमीन सपाट करून देणे हे जेसीबीचे अर्ध्या दिवसाचे भाडे. मामा तलावाच्या पाळीवरील बेशरम काढण्याचे काम सोपे दिसते; पण कापलेली बेशरम तेथेच टाकली तर तिचा प्रत्येक तुकडा पुन्हा रुजतो आणि पुढील पावसाळ्यात खाते तुम्हांलाच नोटीस देते. जमेची बाजू मांडण्यापूर्वी या गोष्टी खर्चाच्या बाजूस लिहाव्या.

कामाचा पुरावा रोजच्या रोज ठेवावा. मोजमाप पुस्तकात नोंद होताना स्वतः हजर राहावे. पैसे अडले तर २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत लघुउद्योगास ४५ दिवसांच्या आत रक्कम मिळण्याचा, उशिरास चक्रवाढ व्याज मागण्याचा आणि सुविधा परिषदेकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. बांधकाम-कंत्राटांविषयी येथेही तंटे आहेत. पण हक्क मागण्यास कागद लागतो, आणि कागद कामाच्या दिवशीच होतो.

मजुराचा जीव

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. आपल्या पूर्वजांना गावासाठी काय काय करावे लागे ते वृद्धांना विचारा. गावच्या चावडीचे सरपण, मुक्कामाला आलेल्या अंमलदाराचे सरपण, मर्तिकाचे लाकूड, हे सर्व महाराने आणून टाकावयाचे. त्याला मोल नव्हते. मिळाला तर शिळा तुकडा. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार गुन्हा ठरविली. म्हणजे कुऱ्हाड आपल्या हाती नवी नाही. नवी आहे ती हजेरीची वही. ती वही हाती आल्यावर आपण कसे वागतो, यावर आपली परीक्षा आहे.

आणि या परीक्षेत आपल्यातील पुष्कळ जण नापास होत आहेत, असे मला दुःखाने म्हणावे लागते. झाडावर चढणाऱ्यास कंबरपट्टा नाही, डोक्यास टोपी नाही. कटर मशीन ज्याने कधी धरली नाही अशा पोराच्या हाती ती दिली जाते. तारेखालच्या फांद्या छाटताना लाइन बंद असल्याचे लेखी परमिट न घेता, कोणाच्या तरी फोनवरील शब्दावर माणूस वर चढविला जातो. फांद्या गोळा करणाऱ्या बायांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी दिली जाते. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे आणि आजच्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. कारण विचारले तर उत्तर येते, “दरच परवडत नाही.” दर परवडत नाही, कारण तो तुम्हीच खाली भरला. कमी भरलेला प्रत्येक टक्का कोणाच्या तरी दोरातून, कोणाच्या तरी पट्ट्यातून, कोणाच्या तरी मजुरीतून कापलेला असतो.

कोणी विचारतो, “बौद्ध माणसाने झाडे तोडण्याचा धंदा करावा काय?” प्रश्न प्रामाणिक आहे. आळवी येथील भिक्षूंनी झाडे तोडली तेव्हा भगवंतांनी वनस्पतींचा नाश करू नये असा नियम घालून दिला; पण तो विनयातील नियम भिक्षूंसाठी आहे. गृहस्थ उपासकाने कोणते व्यापार करू नयेत, हे अंगुत्तर निकायात निराळे सांगितले आहे. शस्त्रांचा, सत्त्वांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा, असे ते पाच व्यापार होत. लाकडाचा व्यापार त्यांत नाही. धोक्याचे झाड उतरविणे, रस्त्याला वाट करून देणे, तलावाची पाळ मोकळी करणे ही कामे कोणाला तरी केलीच पाहिजेत. परंतु ‘सत्त्वांचा व्यापार’ या शब्दांपाशी मी नेहमी थांबतो. सत्त्व म्हणजे जिवंत प्राणी, आणि माणूसही त्यात आला. पट्ट्याविना माणूस चाळीस फुटांवर चढवून जो त्या धोक्यातून आपला नफा काढतो, तो झाडाचा व्यापार करतो की माणसाचा? सम्यक् आजीविकेचा प्रश्न कुऱ्हाड कोणत्या झाडावर पडते एवढ्यावर सुटत नाही. ती धरणारा हात संध्याकाळी घरी सुखरूप पोचतो की नाही, यावर सुटतो.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. काम लहान घ्या, पण स्वतःचे घ्या. पाच मजूर असोत की पन्नास, विमा उतरविल्यावाचून पहिला घाव घालू नका. ५० किंवा अधिक मजूर असले तर नव्या संहितेप्रमाणे कंत्राटदाराचा परवानाही लागतो. हजेरीपट ठेवा, मजुरी बँकेतून द्या. परवान्याच्या तीन प्रती ठेवा: एक गाडीत, एक कार्यालयात, एक घरात. डिजिटल स्वाक्षरीची किल्ली बायकोच्या मंगळसूत्राइतकी जपा. ती कोणाच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आयांनी आणि बायकांनीही मुलाला, नवऱ्याला एक प्रश्न विचारावा: “हे काम कोणाचे आहे, आणि मजूर कोणाचे आहेत?” ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरची जमीन गहाण पडणार नाही.

शेजारच्या कर्नाटक राज्याने कायद्यात दुरुस्ती करून, ठराविक मर्यादेपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी २४.१ टक्के वाटा राखला. महाराष्ट्रानेही तसे करावे ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण संघटितपणे केली पाहिजे. पण मागणीचे निवेदन लिहिण्यापूर्वी आपण आपला बाजार बंद केला पाहिजे, ज्या बाजारात आपलेच दाखले भाड्याने मिळतात. वाटा वाढला आणि नावविक्रीही वाढली, तर वाढेल ते फक्त त्या पडद्यामागच्या माणसाचे घर.

तो तरुण आज काय करतो, असे वाचक विचारतील. तो अजून झाडांचीच कामे घेतो. लहान घेतो, पंधरा-वीस हजारांची, कधी तीस हजारांची. चार मजूर आहेत, चौघांचा विमा आहे. त्यांतला एक त्या मृत मजुराचा धाकटा भाऊ आहे. दर महिन्याला सावकाराचा हप्ता जातो. परवा तो माझ्याकडे एक निविदा दाखवावयास आला. सही करण्यापूर्वी आला, एवढे मी लिहून ठेवतो.